चिंतेचा थर्मामीटर कितपत खरा?

पंधरा छोटी वाक्ये. प्रत्येक वाक्यापुढे तीन पर्याय : 'क्वचित', 'कधी कधी', 'बरेचदा'. खेळाडूने आपल्याला लागू पडेल त्या पर्यायावर खूण करायची. पाच-दहा मिनिटांत काम आटोपते आणि शिक्षकांच्या हाती एक संख्या येते. ती कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ३० असते. संख्या जितकी मोठी, तितका खेळाडू स्पर्धेची धास्ती घेणारा, असे समजले जाते.

या चाचणीचे नाव 'स्पोर्ट कॉम्पिटिशन अँक्झायटी टेस्ट', थोडक्यात 'स्कॅट'. आपल्याकडील शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधांत ती वर्षानुवर्षे वापरली जात आहे. कबड्डीचे खेळाडू आणि खो-खोचे खेळाडू, जिल्हा पातळीवरचे आणि राज्य पातळीवरचे, मुलगे आणि मुली, अशा तुलना करायला ती सोयीची पडते. आता इंटरनेटवरून तिची प्रत कोणालाही मिळू शकते. त्यामुळे प्रबंधाच्या पानांतून ती शाळेच्या मैदानावर येणे मुळीच अवघड राहिलेले नाही. येथे मात्र थोडे थांबायला हवे. चौदा वर्षांखालील संघ निवडताना 'हिचे गुण सव्वीस, ही दडपणाखाली कच खाणार' असा शेरा कोणी मारला, तर एका संख्येपायी त्या मुलीची संधी जाते. ही संख्या एवढा भार पेलते का? तापमापकातल्या पाऱ्यावर आपण जसा विश्वास ठेवतो, तसा या संख्येवर ठेवता येईल का? या लेखात तेवढेच तपासायचे आहे.

चाचणी कशी घडली

आधी चाचणीकर्त्यांची बाजू पाहू. चिंतेचे दोन प्रकार वेगळे धरावेत, हा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९६६ साली ठळकपणे मांडला. एक स्वभावगत चिंता, म्हणजे प्रसंगाला धोकादायक समजून अस्वस्थ होण्याची माणसाची एकंदर प्रवृत्ती. दुसरी प्रसंगनिष्ठ चिंता, म्हणजे या घटकेला प्रत्यक्ष वाटणारी अस्वस्थता. हवामान आणि आजची हवा यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. कोकणात पाऊस फार, म्हणून आज सकाळी रत्नागिरीत पाऊस असेलच असे नाही. या दोन्ही प्रकारांसाठी स्पीलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली प्रत्येकी वीस विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली.

इलिनॉय विद्यापीठातील रेनर मार्टेन्स यांनी हा विचार मैदानावर आणला. एखादा मुलगा वक्तृत्व स्पर्धेत बिनधास्त बोलतो, पण कबड्डीच्या चढाईला जाताना गारठतो. तेव्हा सर्वसाधारण भित्रेपणा मोजून खेळातली चिंता कळणार नाही, त्यासाठी खेळापुरती वेगळी चाचणी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. ते रास्त होते. १९७७ साली 'स्कॅट' प्रसिद्ध झाली. सामन्याआधी एखादा खेळाडू किती अस्वस्थ होईल, याचा अंदाज सर्वसाधारण चाचणीपेक्षा तिच्यावरून अधिक चांगला येतो, असे आढळले.

चाचणीची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. पंधरांपैकी दहाच विधानांचे गुण धरतात. उरलेली पाच विधाने खेळाडूला चाचणीचा रोख कळू नये म्हणून घातलेली आहेत. खेळाडूच्या हाती जाणाऱ्या कागदावर 'चिंता' हा शब्दही नसतो. तेथे 'इलिनॉय कॉम्पिटिशन क्वेश्चनेअर' असे साधे नाव असते. खेळाडूने खरे सांगावे, आपण कसे दिसू याचा विचार करू नये, हा त्यामागचा हेतू. चाचणीकर्त्यांना आपल्या साधनाची दुबळी जागा चांगली ठाऊक होती, हे यावरून दिसते. खेळाडू जे सांगेल तेच मोजले जाणार!

पुढे मार्टेन्स, रॉबिन व्हीली आणि डेमन बर्टन यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात प्रसंगनिष्ठ चिंतेसाठी दुसरी प्रश्नावली सविस्तर मांडली. तिचे संक्षिप्त नाव 'सीएसएआय-२'. तिच्यात २७ विधाने असून त्यांचे नऊ-नऊचे तीन गट आहेत : मनातली चिंता, शरीरात जाणवणारी चिंता आणि आत्मविश्वास. चिंतेची एकच संख्या न काढता तिचे घटक वेगळे करणे, ही मोठीच सुधारणा होती.

एका संख्येची रुंदी

बी.एड.च्या अभ्यासक्रमात विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन कल्पना आपण शिकलेल्या असतात. त्याच येथे लावून पाहू.

समजा, एका चाचणीचा विश्वसनीयता गुणांक ०.८० आहे आणि गटातील गुणांचे प्रमाण विचलन ५ आहे. अशा चाचणीसाठी हे आकडे वाईट म्हणता येणार नाहीत. मापनातील प्रमाण त्रुटी काढण्याचे सूत्र सोपे आहे. एकातून विश्वसनीयता वजा करायची, बाकीचे वर्गमूळ काढायचे आणि त्याला प्रमाण विचलनाने गुणायचे. ०.२० चे वर्गमूळ सुमारे ०.४५, त्याला ५ ने गुणले की सुमारे २.२५. आता एखाद्या मुलीला २२ गुण मिळाले, तर तिचा 'खरा' गुण दोन प्रमाण त्रुटींच्या टप्प्यात, म्हणजे साधारण साडेसतरा ते साडेसव्वीस यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो.

या चाचणीसोबत एक तक्ता सर्वत्र फिरत असतो. १७ पेक्षा कमी गुण म्हणजे चिंता कमी, १७ ते २४ म्हणजे मध्यम, २४ च्या वर म्हणजे जास्त. आपल्या उदाहरणातली मुलगी मध्यम गटाच्या तळाशीही असू शकते आणि 'जास्त' गटात चांगली आतही असू शकते. शंभर खेळाडूंची सरासरी काढताना या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात, म्हणून गटांच्या अभ्यासाला अशी चाचणी चालते. एका मुलीबद्दल निर्णय घेताना मात्र चुकीला खोडायला समोर दुसरे काहीच नसते. शिवाय या चाचणीची मूळ मानके अमेरिकी खेळाडूंच्या गुणांवरून ठरलेली आहेत. सातारा किंवा जळगाव जिल्ह्यातल्या मुलीला ती जशीच्या तशी लावणे योग्य कसे ठरेल?

शब्दांचा पेच

विश्वसनीयता गणिताने काढता येते. सप्रमाणतेचा, म्हणजे 'जे मोजायचे तेच मोजले का?' याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. 'सीएसएआय-२' मधील मनातल्या चिंतेची बहुतेक विधाने इंग्रजीत 'कन्सर्न्ड' या शब्दाभोवती बांधलेली आहेत. 'घाबरलो आहे' असे कबूल करायला खेळाडू कचरतो, म्हणून हा सौम्य शब्द निवडला गेला. पण सौम्यपणाबरोबर अर्थही पातळ झाला. १९९९ साली अँड्र्यू लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारांहून अधिक खेळाडूंच्या उत्तरांचे विश्लेषण करून या प्रश्नावलीच्या रचनेवरच आक्षेप घेतला. 'कन्सर्न्ड' असणे म्हणजे चिंताग्रस्त असणे नव्हे, या सामन्याचे महत्त्व खेळाडूने ओळखले आहे एवढाही त्याचा अर्थ होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. २००३ साली या प्रश्नावलीची १७ विधानांची सुधारित आवृत्ती आली, ती अशाच आक्षेपांनंतर.

मराठीत तर हा पेच अधिकच घट्ट होतो. आपला 'काळजी' हा शब्द पाहा. 'मला त्याची काळजी वाटते' यात भीती आहे. 'ती आपल्या खेळाची काळजी घेते' यात निष्ठा आहे. मुलांना 'तुला खेळ बिघडण्याची काळजी असते का?' असे विचारले, तर मनापासून खेळणारे प्रत्येक मूल 'बरेचदा' वर खूण करील. आपण त्याचे गुण चिंतेच्या खात्यावर जमा करू! 'चिंता' हा शब्द वापरावा, तर तो लहान मुलांच्या बोलण्यात फारसा नसतो. त्यांना 'टेन्शन येते', 'धडधडते', 'पोटात गोळा येतो', 'हातपाय गळतात'. या प्रत्येक शब्दप्रयोगाची छटा निराळी आहे. 'धाकधूक' आणि 'हुरहुर' यांतही फरक आहे. पहिलीत भीती जास्त, दुसरीत ओढ जास्त. एखाद्या विद्यार्थ्याने दोन रात्री बसून केलेला अनुवाद या छटा सांभाळील अशी अपेक्षा करता येत नाही. अनुवाद झाला की त्याची विश्वसनीयता आणि सप्रमाणता पुन्हा नव्याने तपासावी लागते. 'मूळ चाचणीची विश्वसनीयता अमुक आहे' असे लिहून हे काम टाळता येत नाही.

शरीराची साक्ष

शब्द फसवे असतील, तर शरीरालाच का विचारू नये? नाडी खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. नाडी खोटे बोलत नाही हे खरे, पण ती फार थोडे बोलते. मैदानाला दोन फेऱ्या मारून आलेल्या मुलाची नाडी जलद असते, घाबरलेल्या मुलाचीही असते आणि सामना सुरू व्हायची वाट पाहत आनंदाने उड्या मारणाऱ्या मुलाचीही असते. लाळेतील कॉर्टिसॉल मोजण्याची पद्धत अधिक शास्त्रीय वाटते. पण हे संप्रेरक सकाळी उठल्यानंतर वाढलेले असते आणि दिवसभरात उतरत जाते. सकाळचा सामना आणि संध्याकाळचा सराव यांची सरळ तुलना केली, तर चिंतेऐवजी घड्याळच मोजले जाण्याचा धोका असतो.

वॉल्टर फेन्झ आणि सेमूर एपस्टाइन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेला हवाई छत्रीधारकांचा अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. विमानातून उडी मारण्याच्या दिवशी नवख्या आणि अनुभवी अशा दोन्ही गटांच्या हृदयाचे ठोके टप्प्याटप्प्याने मोजण्यात आले. नवख्यांचे ठोके उडीच्या क्षणापर्यंत वाढतच गेले. अनुभवी मंडळींचे ठोकेही सुरुवातीला वाढले, पण उडीच्या बऱ्याच आधी ते उतरू लागले. म्हणजे अनुभवी माणसाला काही होतच नाही असे नाही. त्याची अस्वस्थता आधी येते आणि वेळेवर ओसरते. येथे महत्त्वाचा ठरला तो आलेखाचा आकार. एका क्षणी घेतलेल्या एका संख्येतून हा आकार दिसलाच नसता.

चिंता वाढली की खेळ बिघडतो?

आता मुख्य प्रश्न. चिंता अगदी अचूक मोजता आली असे क्षणभर धरून चालू. तिच्यावरून कामगिरी सांगता येईल का?

क्रीडामानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येथे हमखास एक आकृती येते : उलट्या 'यू' अक्षराच्या आकाराची. उत्तेजना फार कमी तर खेळ वाईट, फार जास्त तरी वाईट, मध्यम असेल तर उत्तम. आकृतीखाली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांची नावे आणि १९०८ हे साल असते. मूळ प्रयोग मात्र खेळाडूंवर नव्हता. तो उंदरांवर होता. पांढरी आणि काळी पेटी यांतला फरक उंदरांनी ओळखायला शिकावे म्हणून त्यांना विजेचे कमीअधिक झटके दिले होते. फरक ओळखणे कठीण असताना मध्यम झटक्याने उंदीर लवकर शिकले. फरक सोपा होता तेव्हा झटका जितका तीव्र, तितके ते लवकर शिकले. झटक्यापासून चिंतेपर्यंत आणि उंदरांच्या शिकण्यापासून माणसाच्या खेळापर्यंत मारलेली उडी नंतरच्या लेखकांची आहे.

प्रत्यक्ष खेळाडूंवरचे निष्कर्ष पाहू. २००३ साली अनेक अभ्यासांची बेरीज करणारी दोन संकलने प्रसिद्ध झाली. लिनेट क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी 'सीएसएआय-२' वापरणारे २९ अभ्यास एकत्र केले. मनातली चिंता आणि कामगिरी यांतील सरासरी सहसंबंध गुणांक निघाला ०.०१, म्हणजे जवळजवळ शून्य. टिम वुडमन आणि ल्यू हार्डी यांच्या संकलनात तो उणे ०.१० होता. गुणांकाचा वर्ग केला की कामगिरीतल्या फरकापैकी किती भाग त्या घटकाशी निगडित आहे ते कळते. ०.१० चा वर्ग ०.०१, म्हणजे शेकडा एक. आत्मविश्वासाचा कामगिरीशी सहसंबंध थोडा बरा, दोन्ही संकलनांत पावाच्या आसपास होता. म्हणजे शेकडा सहा. आणि हे आकडे सामन्याच्या तोंडावर मोजलेल्या प्रसंगनिष्ठ चिंतेचे आहेत. 'स्कॅट' तर त्याहून एक पायरी दूर असलेली प्रवृत्ती मोजते. तिच्यावरून संघ निवडणे म्हणजे हवामानाचा नकाशा पाहून आज छत्री न्यायची की नाही हे ठरवण्यासारखे आहे.

सहसंबंध शून्याजवळ आला म्हणून चिंतेचा खेळावर परिणामच होत नाही, असे मात्र समजू नये. एक मुलगा धास्तावला की चांगला खेळतो आणि दुसरा धास्तावला की वाईट खेळतो, तर दोघांची सरासरी शून्य येईल. परिणाम दोघांवरही झालेला असतो! लेनिनग्राडमध्ये काम करणाऱ्या युरी हानिन यांनी नेमका हाच मुद्दा पकडला. सर्वांना एकच 'योग्य' पातळी नसते, प्रत्येक खेळाडूचा स्वतःचा एक पट्टा असतो, असे त्यांनी दाखवले. तो पट्टा शोधायचा, तर त्याच खेळाडूच्या अनेक सामन्यांची नोंद ठेवून त्याची तुलना त्याच्याशीच करावी लागते.

ग्रॅहम जोन्स आणि ऑस्टिन स्वेन यांनी १९९२ साली आणखी एक पाऊल टाकले. चिंता किती, एवढेच विचारून ते थांबले नाहीत. 'ती तुम्हाला मदत करते की आड येते?' हेही त्यांनी विचारले. त्यानंतरच्या वर्षी जिम्नॅस्टिक्समधील मुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुळईवर चांगली आणि वाईट कामगिरी करणाऱ्या मुलींच्या चिंतेच्या तीव्रतेत फरक नव्हता. चांगली कामगिरी करणाऱ्या मुलींना आपली मनातली चिंता अधिक उपकारक वाटत होती, एवढाच फरक. अर्थात जी चिंता मदत करते तिला चिंता म्हणावे का, असाही वाद यावर झाला, आणि तो निरर्थक नाही.

आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे घेता येईल. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. पोटात गोळा आला होता, काही न खाता केवळ कोरा चहा घेऊन आलो होतो, असे त्याने नंतर पत्रकारांना सांगितले. त्या सकाळी त्याच्या हाती शारीरिक चिंतेची प्रश्नावली दिली असती, तर गुण कमी आले नसते. नेमबाजीत तर हाताचा बारीकसा कंपही गुण घालवतो. तरी पदक आले. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही. पण 'पोटात गोळा म्हणजे हा गेला' हा सरसकट नियम मोडायला एक उदाहरण पुरते.

मग चाचणी कशासाठी?

एवढ्या आक्षेपांनंतर प्रश्नावल्या फेकून द्याव्यात का? नाही. त्यांच्याकडून योग्य ते काम घ्यावे.

मुलांसाठी चाचणी वेगळी लागते, हे संशोधकांना अनुभवाने कळले. रोनाल्ड स्मिथ, फ्रँक स्मॉल आणि सहकाऱ्यांची १९९० ची एक प्रश्नावली मोठ्या खेळाडूंना चालली, पण लहान मुलांच्या उत्तरांत तिची रचना टिकली नाही. विधानांची भाषाच काही मुलांना कळत नव्हती. म्हणून २००६ साली त्यांनी सोप्या भाषेत १५ विधानांची नवी प्रश्नावली केली. तिच्यात शारीरिक लक्षणे, काळजी आणि एकाग्रता मोडणे असे तीन भाग आहेत.

त्या प्रश्नावलीचा त्यांनी केलेला उपयोग फार शिकण्यासारखा आहे. काही प्रशिक्षकांना एका कार्यशाळेत शिकवले गेले : जिंकण्यापेक्षा प्रयत्नाला आणि सुधारणेला दाद द्या, चुकीबद्दल शिक्षा करू नका, चूक कशी सुधारायची ते सांगा. दुसऱ्या गटातल्या प्रशिक्षकांना ही कार्यशाळा दिली नाही. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींची चिंता मोजली. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : शिकवलेल्या प्रशिक्षकांच्या मुलांची चिंता हंगामात कमी झाली, दुसऱ्या गटात ती वाढली. येथे चाचणीने कोणत्याही मुलाला पास-नापास केले नाही. तिने प्रशिक्षकांची परीक्षा घेतली. गटाची सरासरी काढली, त्यामुळे एकेका गुणाची त्रुटी आड आली नाही. उत्तरांवर मुलांचे काहीच अवलंबून नव्हते, त्यामुळे खरे सांगायला त्यांना अडचणही नव्हती.

हा शेवटचा मुद्दा शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा. आपली परीक्षा होणार आहे हे तापमापकाला कळत नाही, मुलाला कळते. उत्तरांवरून संघ ठरणार असे कळले की मुले 'मला काही वाटत नाही' असेच लिहितील. म्हणजे निवडीसाठी वापरल्याबरोबर चाचणी निवडीच्या उपयोगाची राहत नाही. जी मुलगी तरीही प्रामाणिकपणे 'बरेचदा' वर खूण करते, तिलाच आपण संघाबाहेर ठेवतो.

तेव्हा शाळेत अशी प्रश्नावली वापरायचीच असेल, तर काही पथ्ये पाळावीत. कागदावर नाव नसावे. उत्तरे संघनिवडीपासून पूर्ण दूर ठेवावीत. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी ती भरून घ्यावी आणि संघाची सरासरी वाढली की घटली ते पाहावे. संघ लहान असेल, तर दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमेपर्यंत निष्कर्षाची घाई करू नये. सामन्याच्या दहा मिनिटे आधी हरण्याच्या भीतीबद्दल विचारणारा कागद मुलांच्या हाती देऊ नये, कारण डोक्यात नसलेली भीती तो कागदच घालू शकतो. एखाद्या मुलाबद्दल जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्याशी बोलावे. 'सामन्याआधी तुला काय काय होते? त्यातले काय उपयोगी पडते, काय आड येते?' हे दोन प्रश्न त्याच्याच भाषेत विचारावेत आणि तीन-चार सामने उत्तरे टिपून ठेवावीत. मोठ्या विद्यार्थ्यांना हा स्वतःवरचा प्रकल्प म्हणूनही करता येईल.

वर्षाअखेर सरासरी वाढलेली आढळली, तर पहिला प्रश्न मुलांना विचारू नये. हरल्यावर आपण त्यांच्याशी काय बोललो, चुकलेल्या पकडीनंतर मैदानाबाहेरून काय ओरडलो, हे आधी आठवून पाहावे. ज्या गोष्टी बदलणे आपल्या हाती आहे, त्या बहुधा तेथेच सापडतील.